उन्हात वाळवलेलं शाळूचं बी

आबा,

तुम्ही गेल्याला बरीच वर्षं झाली, तरी जतकडच्या रानात उभी राहिले की माझं पहिलं बोलणं तुमच्याशीच होतं. यंदा पेरणीनंतर पावसानं साफ पाठ फिरवली. शेजारच्या पट्ट्यातला शाळू दुपारी माना टाकतो, आणि आमच्या गोळ्या घातलेला पट्टा बघत राहावा असा उभा आहे. मी हुरळून जाणारी बाई नाही, तुम्हाला ठाऊक आहे. पण हे जमलंय, छातीवर हात ठेवून सांगते. गोळ्या कसल्या, तर शाळूच्या दाण्याएवढ्या. मुळांशी राहून ओल धरणारे जीवाणू समुद्री शेवाळाच्या चिकात गुंडाळून वाळवायचे. आत ते निजून राहतात, मातीत ओल लागली की जागे होतात. आणि कोरडी गोळी बियाबरोबर पाभरीच्या चाड्यातून, त्या पेरायच्या नरसाळ्यातून, सुरसुर खाली जाते. हे चाड्याचं माझ्या डोक्यात तुम्हीच घातलंत.

तेव्हा मी नुकती शिकून आलेली, सांगलीहून एसटीनं जीवाणूंचा पुडा घेऊन. तुम्ही सकाळी ते बियाला चोळलंत आणि अंगणात घोंगड्यावर पसरलंत. दुपारी येऊन बघते तर काय, बी उन्हात खडखडीत! पेरायला आलेल्या बायांसमोर मी तोंड सोडलं. "आबा, सावलीत वाळवा म्हणून सांगितलं होतं ना? सगळे मारून टाकलेत!" तुम्ही चाड्यावर हात ठेवून म्हणता, "आगं, वलं बी चाड्यात अडकतंय. नळी तुंबली तर रानातलं आख्खं तास बियाबिगर मोकळं जातंय." आणि मग हळूच, "माजंच चुकलं बाई." त्या वर्षी शाळू गुडघ्याएवढाच राहिला. तुम्ही गावभर सांगत फिरलात, "पोरीनं चांगलं आणलं हुतं, मीच घालवलं."

आता शेतकऱ्यांना पट्टा दाखवताना मी हाच किस्सा सांगते. आमच्या आबांनी जीवाणू पापडासारखे वाळवले म्हटलं की लोक खदखदून हसतात, आणि मग माझी गोळी त्यांना पटकन पटते. आजही हसले. एक म्हातारी तेवढी हसली नाही. "आवं बाई, लोकांम्होरं आपली चूक कबूल केली त्यांनी? लय मोठ्या मनाचा मानूस."

आबा, त्या पुड्यात चिमूटभर उरलं होतं. ते ना बियाला लागलं होतं, ना अंगणातलं ऊन त्यानं पाहिलं होतं. मी ते प्रयोगशाळेत नेऊन बशीत वाढवायला ठेवलं, आणि काही म्हणजे काही उगवलं नाही. एसटीत इंजिनाजवळच्या तापलेल्या पत्र्यावर मी पुडा ठेवला होता, तिथंच जीवाणू मेले होते. तुम्ही उन्हात घातलंत तेव्हा मरायला कुणी उरलंच नव्हतं. हे मला त्याच महिन्यात कळलं, आणि त्यानंतर तुम्ही चांगली सहा वर्षं माझ्यासमोर जेवायला बसत होतात. सांगायची लाज वाटत होती मला, दुसरं काही नाही.

हा कागद कुठं पाठवणार? मघाशी वाटलं होतं, निदान त्या म्हातारीला तरी खरं सांगावं. पण तिच्यासमोरही मी नुसती मान हलवली आणि पुढच्या पट्ट्याकडं चालू लागले.