तोरूच्या पोटात गेलेला वासरांचा खुराक

आटबाशी, पहिल्या बर्फाच्या आदल्या आठवड्यात

आदरणीय काचकिनदादा,

धाकट्या जुमाकादिरचा तुम्हाला आणि सालकिनवहिनींना सलाम. गुडघ्याचं ऑपरेशन नीट झालं ना? बिश्केकचे डॉक्टर मटण खाऊ देतात की नुसत्या रश्शावर ठेवलंय? इथे माणसं बरी आहेत. वासरं तर इतकी बरी आहेत की मला बघवत नाहीत.

झालं असं, की सप्टेंबरात सात वासरांचं दूध तोडलं आणि आठवडाभरात त्यांना रक्ताची हगवण लागली. डॉक्टरीण बुरुलचा आली, शेण निरखून बघितलं (मी नाही बघितलं, जेवण व्हायचं होतं) आणि म्हणाली, आतड्यात बारीक परजीवी झालेत. औषध घातलेल्या खुराकाची पोती दिली. रोज किती, कसा, कुणाला, हे तिने बराच वेळ सांगितलं. मी मान हलवत होतो. माझी मान या कामात फार तयार आहे, दादा. कान तेवढे नाहीत.

आधी दांडगं ढवळं वासरूच सगळं खायचं आणि बारकी बाजूला थरथरत उभी राहायची. मग मी फळ्या ठोकून लांबलचक गव्हाण केली (फळ्या म्हणजे आमच्या न्हाणीचं दार, बायको अनीपा अजून घोंगडी टांगून अंघोळ करते आणि माझ्याशी मोजकं बोलते). बाराव्या दिवशी शेण घट्ट झालं. महिन्याभरात अंग तुकतुकीत! मी गावभर शेणाचं वर्णन करत हिंडलो. लोक चहा अर्धा टाकून उठायचे.

आणि मग, दादा, एके सकाळी कोठाराचं दार उघडं राहिलं आणि तुमचा घोडा, तोरू, आत शिरला.

मी गेलो तेव्हा तो घामाने निथळत होता, मागचे पाय लटपटत होते. अनीपा धावत जाऊन बुरुलचाला घेऊन आली. तिने त्याच्या छातीला कान लावला. "जुमाकादिर, सांगितलं नव्हतं का तुला? घोड्याला विष आहे हे! किती खाल्लं?"

मी म्हटलं, "दार उघडं होतं."

"मी दाराचं विचारलं का?"

तीन दिवस मी त्याच्या मानेला टेकून उभा होतो. तोरू वाचला. पण त्याचं काळीज दुखावलंय. खोगीर आता कधीच नाही, असं ती म्हणते. गेल्या वसंतात तुम्हाला शर्यतीत पहिलं आणणारा घोडा ओढ्यापर्यंत जातो आणि दम खात थांबतो. तेव्हा मी डोंगराकडे बघतो. तुमची माफी कोणत्या तोंडाने मागू?

तुमचा,
जुमाकादिर

ता.क. दार उघडं नव्हतं. तुम्ही गेल्यापासून तोरू वाळत चालला होता. वासरांची कातडी बघून वाटलं, दादा येतील तेव्हा याचीही पाठ अशीच चमकावी. सहा दिवस रोज बादलीभर मीच खाऊ घातलं. पहिल्या दिवशी त्याने तोंड फिरवलं होतं. मी साखर घातली.

ता.क. आणखी एक. हिवाळ्याच्या मांसासाठी उमुरझाक खाटीक दोनदा तोरूची चौकशी करून गेला. मी सांगितलं, घोडा माझा नाही. आता तो माझा करा, दादा, म्हणजे खाटकाला कायमचं नाही म्हणता येईल. माझ्या हाती द्यायला मन धजत नसेल तर अनीपाला द्या. चारा ती घालेल. मी नुसतं पाणी भरीन.