सर रॅनल्फचा पाचवा मुलगा

३ ऑक्टोबर १९३४, ॲशकोम

घडीचं टेबल, पुस्तकांची पेटी, कोरीवकामाचे ठसे घ्यायच्या काळ्या मेणाच्या वड्या आणि तागाच्या कापडावर डकवलेला वंशवृक्षाचा लांबलचक कागद: सगळं माझ्या हातचं. मेणाची कृती माझ्या जोडे शिवण्याच्या धंद्यातली; लॅटिन आणि जुनी अक्षरं मात्र वाचून वाचून शिकलो, गुरूशिवाय. चर्चला लागूनच घर मिळालंय, ऊन छान येतं. बिस्किटांचे कारखानदार मिस्टर हॉलिस यांनी मला नेमलंय. इथले जमीनदार सर रॅनल्फ थॉर्ल १३६१ साली वारले. त्यांचा वंश कुठवर आला ते शोधायचं.

५ ऑक्टोबर

चर्चच्या फरशीत सर रॅनल्फची पितळी आकृती बसवलेली आहे. पायाशी कुत्रा, खाली ओळीने चार मुलगे, हात जोडलेले. पाचव्याची जागा कोरी. माणूस हयातीतच असं पितळ करून घेई आणि पुढे मूल झालं तर कोरायला जागा सोडी. तिच्यावर चटई होती. मी ती सरकवली, तशा झाडलोट करणाऱ्या मिसेस प्राउस म्हणाल्या, "होती तशी घाला हो. पितळेला थंडी वाजते म्हणून नाही घातलेली. जागा रिकामी दिसली की माणसाला बसावंसं वाटतं."

मी पितळेवर कागद पसरला, मेण घासून ठसा घेतला. उत्तम उठला.

१९ ऑक्टोबर

थोरल्या मुलाची शाखा गिल्बर्ट थॉर्लपर्यंत आली. बाप्तिस्मा इथलाच, १७६४. पुढे गावात पत्ता नाही. आणि माझ्या आईचे पणजोबाही गिल्बर्ट थॉर्लच. कुठून आले, घरात कुणालाच ठाऊक नव्हतं.

आई गेल्यापासून मला आपला म्हणणारं कुणी उरलेलं नाही. वंशवृक्षाच्या तळाशी पक्क्या शाईने लिहिलं: ह्युबर्ट टॅपर. मग चर्चमध्ये जाऊन चटई उचलली आणि त्या चौघांना सांगितलं, मी तुमचाच.

२३ ऑक्टोबर

टेबलावरचा वंशवृक्ष पाहून मिसेस प्राउसनी मला बाहीला धरून दफनभूमीत नेलं. वेलीखाली छोटा दगड. गिल्बर्ट थॉर्ल, १७६४, वय तीन आठवडे. "हेच ना तुमचे पूर्वज? फारच लवकर संसाराला लागले म्हणायचे."

बाप्तिस्मा सापडला की आधी दफन तपासायचं. शिकाऊ माणूसही ते करतो. मी केलं नाही. चाकूने माझं नाव खरवडून काढलं.

२४ ऑक्टोबर

पितळेत पाचवी आकृती आहे. गुडघ्यापर्यंत चामड्याचा एप्रन. चेहरा अजून नाही.

मिसेस प्राउसनी पाहिलं. थट्टा केली नाही.

२६ ऑक्टोबर

चेहरा आला. माझाच, चष्म्यासकट.

चौघांचे हात आता जोडलेले नाहीत. शेवटच्याने पाचव्याचा हात धरलाय. माझा डावा हात सकाळपासून गार— मूठ उघडत नाही.

२७ ऑक्टोबर

दुपारी चौघे दारात. लहान आहेत, कंबरेएवढेच. मी त्यांना म्हटलं, चूक झाली, मी तुमचा नव्हे, दगड आहे पुरावा. थोरला शांतपणे म्हणाला, "आमचं तरी कोण उरलंय, धाकट्या? तुझं कोण आहे?"

धाकट्या म्हणाला मला.

मी दार लावलं नाही.

२८ ऑक्टोबर

घरात आलेत. घाई करत नाहीत. लिहू देतात.

हॉलिस विसाव्या तारखेला येऊन गेले, ते लिहायचं राहिलं. गिल्बर्टखाली त्यांच्या आजोबांचं नाव घालायला सांगत होते. मी दार दाखवलं. तिथे माझं नाव होतं. त्यांचं घातलं असतं तर हे चौघे त्यांच्याकडे गेले असते. पण हॉलिसना बायको आहे, मुली आहेत— कुणीतरी हाक मारून मागे ओढलं असतं त्यांना— मला कोण—

तीनशे पौंड देत होते. तीनशे, रोख, आणि मी त्यांना—