चुनखडीतली ओल

३ फेब्रुवारी २०२५, निरवांगी
पोचले एकदाची! पुरातत्त्वाच्या प्रकल्पावर ड्रोन उडवायची ही माझी पहिलीच नोकरी. सर्जेराव आणि द्वारकाबाई या म्हाताऱ्या जोडप्याने ओसरीलगतची खोली दिली. आल्या आल्या गरम हुरडा पुढ्यात ठेवला.

काम सोपं आहे. या रानात मातीखाली चुनखडी आहे. पाण्याने ती विरघळली की वरची जमीन खचते, गोल खळगे पडतात. त्यांत पाणी साठायचं, म्हणून जुन्या वस्त्यांच्या खुणा त्यांच्या काठाने सापडतात. वरून फोटो काढून खळगे नकाशावर मांडायचे.

५ फेब्रुवारी
घरामागच्या पडीक रानात नऊ खळगे मिळाले. एकात उतरून माती उचलली आणि किळस आली. कोमट, पांढरी, गळवातल्या पुवासारखी चिकट. वास नासक्या दुधाचा. तीनदा साबण लावला, तरी भाकरीला तोच वास.

८ फेब्रुवारी
आजच्या फोटोत खळगे अकरा. नवे दोन्ही घराकडे. हंड्यातल्या पाण्यावर सायीसारखा थर होता. पिऊ नका म्हटलं, तर सर्जेरावांनी थर बोटाने सारला नि तांब्या तोंडाला लावला.
"ल्हानपणापास्नं पितो आमी. काय हुत न्हाय."
मी मोरीत ओकले. ओकारीतही तेच पांढरं.

९ फेब्रुवारी, सकाळ
सतरा. शेवटचा गोठ्याला टेकलाय. फोटो दाखवून द्वारकाबाईंना बावड्याला लेकीकडे जायला तयार केलं. सर्जेराव म्हैस सोडून आणायला गेलेत.

दुपार
गोठ्यातली जमीन ओठांसारखी उघडली. म्हैस गेली. सर्जेराव कमरेपर्यंत आत. दोघींनी ओढून काढलं, पण पाय — उकडलेल्या रताळ्याची साल निघावी तशी कातडी — ते ओरडलेसुद्धा नाहीत. बरं वाटतंय म्हणाले.
रुग्णवाहिका बोलावली. येता येत नाही, मधला रस्ता खचलाय म्हणे.

१० फेब्रुवारी
सर्जेराव पहाटे गेले. अंग गार पडलंय. द्वारकाबाई त्यांच्या तोंडात तेच पाणी सोडत होत्या. मी तांब्या हिसकावला.
"ऱ्हाऊ दे पोरी. तहान लागलीया त्यास्नी."
मी गळ्याकडे पाहिलं. ते गिळत होते.

नंतर
ड्रोन वर सोडला. चहूकडे खळगे. पूर्वेचा बांध तेवढा कोरडा. द्वारकाबाईंना घेऊन निघते.

बांधावर. फोनवर टिपतेय. चपला रुतल्या, टाकल्या. द्वारकाबाई मधेच बसल्या, उठत नाहीत — मालक हाक मारतात म्हणे — मलाही ऐकू —
त्यांच्या लुगड्याखाली पांढरं. बांध मऊ. एका हाताने ओढतेय, साल निघाल्यागत — डांबरी रस्ता समोर दिसतोय. मी त्यांचा हात सोड—