एकसारखं सूत

औरंगाबाद,
५ ऑक्टोबर १९६९

चि. सौ. मीनाक्षीस अनेक आशीर्वाद.

सिकंदराबादच्या कॉन्व्हेंटातला शिवणाचा तास आठवतो का गं? पोलीस ॲक्शनच्या कितीतरी आधीची गोष्ट. रुमालाची दुमड तुला काही केल्या सरळ घालता येत नव्हती. मधल्या सुट्टीत मी ती सगळी उसवली, पुन्हा घालून दिली आणि तुला पहिलं बक्षीस मिळालं. आनंदानं किती रडलीस! तो रुमाल अजून माझ्या पेटीत आहे. तू सासरी नेलाच नाहीस.

आज तो काढून बसले, कारण मन थाऱ्यावर नाही. गांधीजींच्या शताब्दीसाठी आठवीच्या मुलींना मी पंधरा दिवस मिठाचा सत्याग्रह शिकवला. खोट्यापुढे हात उगारायचा नाही आणि मानही तुकवायची नाही, असं फळ्यावर लिहून दिलं. मुलींनी तकलीवर सूत काढलं. त्याचा हार तसबिरीला घालायचा होता. पण सूत कुठं जाड, कुठं केसासारखं. पाहुणे काय म्हणतील, म्हणून मी त्यांच्या सुताच्या गुंड्या कपाटात ठेवल्या आणि खादी भांडारातल्या सुताचा हार केला.

समारंभात संस्थेचे अध्यक्ष नानासाहेब यांनी हार हातात घेऊन मुलींच्या एकसारख्या सुताची तारीफ केली. तेव्हा तुमच्या पाचोडची आवडा, पुंजारामची मुलगी, उभी राहिली आणि म्हणाली की हे सूत आमचं नाही. बस म्हटलं तरी बसेना. बस म्हणणारी मीच होते, मीनू. मोठ्या बाईंनी तिला घरी धाडलं. माफी लिहून देईपर्यंत वसतिगृहात पाऊल ठेवायचं नाही, असं बजावून. मी तसबिरीपाशी उभी होते. त्यावर एक अक्षर बोलले नाही.

तू तिच्याकडे जा. दोन ओळी लिहून दे म्हणावं. सहामाही तोंडावर आली आहे. मधुसूदनरावांना नमस्कार. हे वाचून माझ्यावरचा जीव कमी करू नकोस.

तुझी अक्का


पाचोड,
१२ ऑक्टोबर १९६९

ती. अक्कास सा. न. वि. वि.

बाजाराच्या दिवशी आवडाकडं गेले. ती कापूस वेचायला गेली होती. तिच्या आईनं, भागूबाईनं, चहा केला. पुंजाराम म्हणाले, लई झाली साळा, आता दिवाळीनंतर सोयरीक बघतो. एक पाहुणे येऊन बघूनही गेलेत.

तेवढ्यात आवडा आली. तुझा निरोप सांगितला, तर म्हणाली, बाईंनी शिकवलं तसंच केलं मी, मग माफी कशाची लिहू? उद्धटपणे नाही गं, खरंच विचारत होती. मग हळूच म्हणाली, माझ्यापायी बाईंना कुणी बोललं तर नाय ना? भांडाराची पुडी तिनं तुझ्या पिशवीत पाहिली होती. सूत कुणी बदललं ते तिनं घरी सांगितलं नाही, मोठ्या बाईंनाही नाही. मी कप तसाच खाली ठेवला.

असला निरोप घेऊन मी पुन्हा जायची नाही. मोठी आहेस म्हणून नमस्कार करते, पण ही दुमड तुझी तूच उसव. आणि त्या रुमालाचं म्हणशील, तर आनंदानं नव्हते रडले मी. सगळ्या टाळ्या वाजवत होत्या आणि त्यावर माझा एक टाका नव्हता. नीटनेटकेपणाचा हा आजार तुझा जुनाच. इथं आलीस की माझ्या पोळ्यासुद्धा ताटलीनं गोल कापतेस!

रागावलीस तरी रागाचं का होईना, पत्र येऊ दे.

तुझी मीनू


औरंगाबाद,
१९ ऑक्टोबर १९६९

चि. सौ. मीनूस आशीर्वाद. द्यायला तोंड नाही, तरी.

तुझं पत्र आलं आणि दुसऱ्याच दिवशी प्रार्थनेनंतर सगळ्या शाळेसमोर सांगितलं की सूत मी बदललं, आवडा खरं बोलली आणि तिला मी गप्प बसवलं. मागच्या रांगेतल्या मुली म्हणाल्या, ऐकू आलं नाही बाई. मग पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागलं. मोठ्या बाई अजून माझ्याशी बोलत नाहीत, पण माफीची अट त्यांनी उठवली आहे. माझा इतिहासाचा तास काढून शिवणाचा दिला आहे. हस, हसून घे.

बन्सी कंडक्टरच्या हाती बोचकं पाठवते आहे. त्यात शाळेचं पत्र आहे, ते पुंजारामला वाचून दाखव. सोयरीक थांबवा, ही माझी विनंती आहे म्हणावं. हुकूम करायचा अधिकार मला उरलेला नाही. लुगडं भागूबाईला. सुताची गुंडी आवडाच्याच हातात दे, ती तिची आहे. बाकीच्या मुलींच्या गुंड्यांचा हार केला, जाडाभरडा, आणि तसबिरीला घातला. त्यात तिच्या गुंडीची जागा मोकळी ठेवली आहे, ती तिनंच येऊन भरायची. आल्यावर माझ्याशी बोललंच पाहिजे असं नाही, तेही सांग.

रुमाल तुझा. त्याची दुमड मी उसवली आहे. दोरा ओवून सुई त्यालाच टोचून ठेवली आहे. वाकडी तर वाकडी, तूच घाल.

तुझी अक्का