लोव्रेकाकांचं घड्याळ

प्रिय निवेस,

डब्लिनची खोली रंगवून झाली, कायमची येतेस की नाही ते सांग, असं तू दोनदा विचारलंस. दोन्ही वेळा मी म्हटलं, क्लबची बुद्धिबळ स्पर्धा संपू दे. ती आज संपली.

इथे शिबेनिकला सगळं जागच्या जागी आहे. तुझे बाबा गेले तरी मासळीवाली अजून दोघांपुरतं तोलते, आणि मीही तेवढं घेऊन येते.

शेवटचा डाव लोव्रेकाकांशी पडला. आठवतात ना, बंदरावर क्रेन चालवायचे, तुला अंजिरं द्यायचे? त्यांच्या आन्काकाकू उन्हाळ्यात गेल्या. माझ्याकडे काळे मोहरे होते. मी सिसिलियन बचाव घेतला, तोही ड्रॅगन, शाळेत सिस्टर अनुन्सियातांनी चोरून शिकवलेला. नाव बचावाचं, पण दोघंही एकमेकांच्या राजावर धावून जातात; एक खेळी चुकली की संपलं. मागून क्लब सांभाळणारा तोंची म्हणाला, या वयात ड्रॅगन कसले पाळता बाई, मांजर पाळा. लोव्रेकाका हसलेसुद्धा नाहीत.

मी हत्ती देऊन त्यांचा घोडा घेतला आणि त्यांचा राजा उघडा पडला. त्यांनी राजा एक घर सरकवला, पण घड्याळाचं बटण काही दाबलं नाही. त्यांचाच वेळ जात होता. अशा वेळी सांगायलाच हवं असा नियम नाही. पण सिस्टरांच्या हाताखाली शिकलेली मी, मला राहवेना. मी हळूच घड्याळाकडे बोट केलं.

"माहीत आहे, बाई," ते पुटपुटले. "डाव संपला की घरी जावं लागतं."

माझ्या पुढच्या खेळीत मात होती. मी हात मांडीवर ठेवले. बाकीचे पट आवरले गेले, तोंचीने खुर्च्या उलट्या केल्या, आणि आम्ही दोघं त्यांचा वेळ संपून घड्याळाची झेंडी पडेपर्यंत बसून राहिलो. पंचांनी माझा विजय लिहून घेतला. लोव्रेकाकांनी मोहरे पेटीत ठेवले, एकेक करून, फार सावकाश.

घरी आल्यावर दिवा न लावता बसले. निवेस, तू फोन केलास की मी तिकडच्या पावसाची चौकशी करते, मग शेजाऱ्यांची, मग पुन्हा पावसाची. तुला वाटतं, आईला विसरायला होतं. मला विसरायला होत नाही, बाळा. तू फोन ठेवू नयेस, म्हणून विचारते. तुला नेहमी सांगत आले की माझं इथे छान चाललंय. तसं नाही. मला न्यायला ये, ईस्टरपर्यंत थांबू नकोस.

तुझीच, अजून कोट अंगावर असलेली,
आई