भिंगरीची तारीख

रविवार, दुपार

प्रिय विहीणबाई,

नमस्कार. आमच्याकडे सगळं ठीक, म्हणजे हल्ली ज्याला ठीक म्हणतात तसं. माझे गुडघे कुरकुरतात, शिलाई मशीन त्याहून जास्त. तुमचा खोकला गेला का? मागच्या तारखेला कोर्टात समोरच्या बाकावरून ऐकत होते. औषध वेळेवर घेत नसणार तुम्ही.

पत्र बघून दचकू नका. पोस्टाने तारखेआधी पोचलं नसतं, म्हणून तुमच्या दारातल्या पेटीत स्वतःच टाकून जाणार आहे. वकिलांनी एकमेकींशी बोलायचं नाही असं बजावलंय. लिहायचं नाही असं काही म्हणाले नाहीत, निदान मला तरी आठवत नाही.

भिंगरी काल ठरल्याप्रमाणे बापाकडे, म्हणजे आमच्याकडे आली होती. पोटभर जेवली, पाढे म्हणताना माझीच चूक काढली. मास्तरीणबाईंची नात शोभते! तिला पिवळा फ्रॉक शिवतेय, वाढत्या अंगाचा. खाली दुमड भरपूर ठेवली आहे.

आता मुद्द्याचं. खरं तर लिहवत नाही.

मंगळवारी कोर्टात मला उभं करणार आहेत. पोरगी समुपदेशक बाईंना एकदा सांगते आईकडे राहायचं, पुढच्या खेपेला म्हणते बाबाकडे. म्हणजे कुणीतरी तिला पढवतंय, असं माझ्या मुलाच्या वकिलांचं म्हणणं. ती आईबरोबर तुमच्या घरी राहते, तेव्हा पढवणाऱ्या तुम्हीच, असं मी शपथेवर सांगायचं. मग तिला तिथून काढून आमच्याकडे द्या, असं त्यांना मागता येईल. आणि विहीणबाई, परवापर्यंत मलाही ते पटत होतं. जन्मभर मुलांना पढवलं, सवय कशी जाईल, असं मी मुलाला म्हणालेसुद्धा. राग आला तर येऊ द्या.

पण काल मापं घेताना ती म्हणाली, "आजी, हा फ्रॉक मी तारखेला घालणार."

"काय गं, तारीख म्हणजे कुणाचं लग्न आहे का?"

"तिथे सगळे येतात ना! आई, बाबा, तू, ती आजी. दुसरीकडे कुठे सगळे येतच नाहीत."

मी टेप गळ्यात अडकवली. विचारलं, "मग त्या बाईंना दर वेळी वेगळं का सांगतेस?"

तिने आधी दाराकडे पाहिलं. "वकीलकाका म्हणत होते, मुलीने एकदा ठाम सांगितलं की केस संपली. संपली की तारीख नाही. कुणाला सांगू नको हं." मी 'नाही सांगत' म्हणून बसले.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. आपली शहाणी ती पायरी उतरायलाच तयार नाही. आपण मोठी माणसं त्या बाहेरच्या बाकांवर तोंडं फिरवून बसतो आणि ती खेळण्यांच्या खोलीतून सारखी डोकावते. मला वाटायचं, घाबरते. ती सगळे आलेत का ते बघत असते.

मला काही सुचेनासं झालंय. हे कोर्टात सांगितलं तर तुमच्यावरचा आळ जाईल, पण पोरीला दिलेला शब्द मोडेल. शिवाय जजबाई निकाल देतील आणि तिचे सगळे पुन्हा विखुरतील. न सांगावं तर ती तुमच्यापासून तुटेल. सकाळी मुलाला सांगायला गेले. तो मंगळवारचा शर्ट इस्त्री करत होता. त्याचा चेहरा बघून मी "चहा टाकू का?" एवढंच म्हणाले. त्याचंही चुकतं असं नाही, त्यालाही पोर हवी आहे. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. तुम्ही एवढी वर्षं गणित शिकवलंत, याचं उत्तर काय येतं ते सांगा बघू.

आणखी एक आहे. दोनदा लिहून खोडलं. तारखेच्या आदल्या दिवशी मीही चांगले कपडे काढून ठेवते. तिथे तुम्ही दिसता म्हणून. मुलांचं मोडलं, पण आपलं काय मोडलं होतं? ते कुणी विचारलंच नाही, आपणही नाही. तुमच्याशी गप्पा मारल्याशिवाय करमत नाही हो मला.

मंगळवारी खोटं बोलणार नाही, एवढं ठरलंय. खरं किती बोलायचं, ते तिथे उभी राहिल्यावरच कळेल. पण त्याआधी मी तुमच्या बाकावर येऊन बसणार आहे. तुमची ती पिशवी जरा सरकवून ठेवा. वकील काय म्हणायचं ते म्हणोत. भिंगरी डोकावेल तेव्हा तिला दोन्ही आज्या एका ठिकाणी दिसू देत. मग केस संपल्यावरही त्या तशाच बसतील, हे तिला सांगायला तोंड तरी राहील आपल्याला. कुठे बसायचं ते दोघी ठरवू. तुमच्या गॅलरीत चालेल का?

निकालानंतर कागदोपत्री आपण एकमेकींच्या कोण उरणार, मला ठाऊक नाही. फ्रॉकची दुमड मात्र पुढच्या वर्षी तुम्हीच उसवायची आहे.

तोवर आणि त्यानंतरही,
तुमची विहीण