पैनगंगेच्या काठचं चित्र

नागपूर,
ता. ९ जानेवारी १९५७

ती. मोहनदादास,
धाकट्या उदयसिंगचा शि. सा. न. वि. वि.

पत्ता पुन्हा बदलला, तो पाठीमागे लिहिला आहे. हसू नकोस. आधीच्या खोलीत उजेड नव्हता, त्याआधीच्या खोलीत शेजारी भांडत, आणि इथं दोन्ही ठीक असून माझंच मन लागत नाही. सकाळी उठतो तो चालतच सुटतो. सिनेमाचे बोर्ड रंगवायचं काम चालू आहे. हिरोचं नाक खोलीच्या दाराएवढं काढावं लागतं. तू पाहिलंस तर म्हणशील, यापेक्षा तुरीच्या शेंगा तोडणं बरं.

आता मुद्द्याचं. सीताबर्डीला चित्रांचं प्रदर्शन भरलं आहे आणि त्यात माझं एक चित्र घेतलं आहे. नाव दिलं 'निर्वासित'. पैनगंगेचा काठ, आपली गाडी आणि आपण. जास्त लिहीत नाही. पेपरात त्याचा फोटो येणार असं ऐकतो. आपण निजामाच्या मुलखातून आलो त्याला नववं वर्ष चालू आहे, आणि मला दुसरं काही काढताच येत नव्हतं. हे काढल्यावर तरी जीव थाऱ्यावर येईल वाटलं होतं. आला नाही.

पऱ्हाटीच्या कापसाची वेचणी उरकली का? बाला माझा नमस्कार सांग. रुपाला म्हणावं, तुझ्या बांगड्या घेतल्या आहेत, माप चुकलं तर माझ्या नावानं ओरडू नकोस. तुझी माया आजवर होती तशीच राहो.
तुझा,
उदयसिंग

-----

इंझोरी,
ता. २४ जानेवारी १९५७

चि. उदयसिंग यास,
मोहनसिंगचे अ. उ. आ.

इकडे सर्व खुशाल आहे असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहिलं. खुशाल नाही.

तुझ्या चित्राचा पेपर आला. मानोऱ्याचे मारोतराव गुरुजी मोठ्या कौतुकानं सायकलवर घेऊन आले. तांड्यातली सारी मंडळी लिंबाखाली बसली होती, बा मधात. गुरुजींनी खालचा मजकूर वाचून दाखवला आणि पेपर एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती गेला. सगळ्यांनी पाह्यलं. आपली माय, याडी, काठावर निजलेली, तिच्या डोक्याखाली बाचं पागोटं घडी करून ठेवलेलं, आणि बा उघड्या डोक्यानं तिच्यापाशी बसून रडून राह्यला. पेपर शेवटी बाच्या हाती आला. त्यानं पाह्यला, घडी घातली, गुरुजीले परत देला आणि उठून वावरात गेला.

संध्याकाळी जेवताना एवढंच म्हणे की, मी जन्मात एक डाव रडलो, तेही जिथं कोणी नाही असं पाहून. पोरानं ते बाजारात नेऊन टांगलं. त्यानंतर तुझं नाव काढलं नाही. मी काढलं की उठून जाते.

उदय, मी तुझा मोठा भाऊ. नांगर मी धरला म्हणून तुझ्या हाती ब्रश आला, हे मी कधी बोलून दाखवलं नाही आणि आजही त्यासाठी लिहीत नाही. मले वेगळंच लागलं. त्या सकाळी मी पुढच्या गाडीवर होतो. माझ्या डोळ्यांपुढं बा नेहमी ताठच होता. येऊन म्हणे की तुमची याडी गेली, लाकडं पाहा, आणि मी लाकडं पाह्यली. बा रडला होता हे मले पेपरातून समजलं. तू इतकी वर्षं हे काहून नाही सांगतलं?

ते चित्र उतरवता येत असेल तर उतरव. न येत असेल तर तसं कळव. बाले काय सांगू ते मले समजत नाही. प्रकृती सांभाळ, रुसलो तरी तुझाच आहे.
मोहनसिंग

-----

नागपूर,
ता. २ फेब्रुवारी १९५७

ती. मोहनदादास,
उदयसिंगचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून तसाच बाहेर पडलो. तलावाला किती फेऱ्या झाल्या ठाऊक नाही. पाय दुखले तेव्हा समजलं.

का सांगितलं नाही विचारतोस. मी पाणी आणायला गेलो होतो, परत येताना पाहिलं. बानं मला पाहिलं आणि पागोटं तिच्या डोक्याखालून काढायला हात पुढं केला. मग ते तसंच राहू दिलं. त्यानं माझ्याकडून वचन घेतलं नाही, पण मी ते दिल्यासारखं झालं. बोलायचं नव्हतं, तर हातानं काढलं. त्यात बाची अब्रू जाते हे माझ्या डोक्यात आलं नाही, दादा. मला तर तो कधी इतका मोठा दिसला नव्हता.

आता दुसरं. ते चित्र दिल्लीच्या मोठ्या प्रदर्शनासाठी निवडलं आहे. माझा होकार हवा आहे. माझ्याबरोबरीची पोरं मला खांद्यावर घेऊन नाचली आणि मी आजारी असल्यासारखा घरी आलो. बा नको म्हणेल तर मी चित्र काढून घेईन. पण मग पुढं मी काय रंगवू, हे मला कोणी सांगावं. बोर्डावरची नाकं काही जन्मभर पुरणार नाहीत. तू बाला एकदा विचार. रागावलास तरी पत्र पाठवत जा.
उदयसिंग

-----

इंझोरी,
ता. १३ फेब्रुवारी १९५७

ती. उदयभाऊस,
रुपाचा शि. सा. न. वि. वि.

बांगड्या लहान झाल्या. तुझ्या डोळ्यांपुढं मी अजून गाडीत झोपणारी पोरगीच दिसते वाटते. चित्रातही तू मले पोत्यापाशी झोपलेली दाखवलं म्हणे.

दादानं तुझं पत्र बाले वाचून दाखवलं. बा दोर वळत होता, वळतच राह्यला. पागोट्याचं आलं तवा हात थांबले. आता रोज सकाळी बैल सोडून उगाच वावराच्या धुऱ्यावर, बांधावर, उभा राहते. दादा चिडते, मी चिडते, घरात कोणाचंच कुठं ध्यान नाही. परवा भाकर करपली तर कोणी मले बोललंही नाही, याचंच मले भेव वाटलं.

भाऊ, तुले एक सांगते. गुरुजीच्या मागं लागून तो पेपर मी मागून घेतला. त्यात सारं शाईनं काळंच आलं, याडीचं तोंड बोटाच्या नखाएवढं. बाया म्हणतात तू तिच्यावर गेली. आरशात पाहते, मग पेपरात पाहते, काही समजत नाही. मले तिचं काहीच आठवत नाही. तुमी तिघं गप्प राह्यले, तुमच्यापाशी ती होती तरी. माझ्यापाशी काय हाये? म्हणून मी बाले म्हटलं की, चित्र उतरवाचं असन तर आधी मले दाखवा. बानं हातचं काम खाली ठेवलं. मग दादाले म्हणे की, नागपूरची गाडी कवा असते.

तर आमी तिघं येऊन राह्यलो. बुधवारी कारंज्याहून मूर्तिजापूर, तिथून नागपूर. टेसनवर ये. बा काय करन ते मले ठाऊक नाही. मोठ्या बांगड्या घेऊन ठेव, आणि या बहिणीवर रागावू नको.
रुपा

-----

नागपूर,
ता. २६ फेब्रुवारी १९५७

चि. रुपा हिस,
उदयसिंगचे अ. उ. आ.

तुम्ही गेल्यापासून खोली फार मोठी वाटते. तू तिथं होतीस, पण चित्रापुढून हलली नाहीस, म्हणून तुझ्या पाठीमागं काय झालं ते लिहितो.

बा दारातच थांबला होता. चपला काढायच्या की नाही ते त्याला समजेना, शेवटी हातात घेतल्या. तिथंच दारापाशी एक म्हातारी उभी होती, सिंधी. फाळणीत तिकडून आलेली असावी. तिनं आधी चित्राकडं पाहिलं, मग बाच्या तोंडाकडं. हिंदीत विचारलं की, बाबा, तुमचंही कोणी वाटेत राहिलं का. मला वाटलं बा आता फिरून चालू लागेल. दादानं माझं मनगट धरलं होतं.

बा तिथंच भिंतीशी खाली बसला आणि तिला सांगू लागला. ताप कसा चढला, नदी ओलांडेपर्यंत ती कशी शुद्धीवर होती, सरकीच्या पोत्याखाली बियाण्याची जवारी आहे, तिला पाणी लागू देऊ नका, हे ती तीनदा कसं म्हणाली. दादानं आणि मी हे सारं पहिल्यांदा ऐकलं. दादा तोंड फिरवून रडला. बा रडला नाही. म्हातारीनं विचारलं की बाईचं नाव काय, तर बा म्हणे, मोतीबाई. त्याच्या तोंडून ते नाव मी कधी ऐकलं नव्हतं.

मग उठून मला म्हणे की, खाली काय लिहिलं ते वाच. मी 'निर्वासित' वाचलं आणि अर्थ सांगितला. तो म्हणे की, त्या शब्दात तर कोणीही येते. तिचं नाव टाक. मी तिथल्या तिथं पाटी बदलली. दिल्लीचं विचारलं तर म्हणे की, जाऊ दे, पण नाव घेऊन जाऊ दे.

एवढं झालं, तरी मी शांत नाही. गाडी सुटेपर्यंत बा माझ्याशी एक शब्द बोलला नाही, हे तू पाहिलंस. त्याच्या मनात काय आहे? समजलं तर कळव. तुम्हा सर्वांवर जीव आहेच.
उदयसिंग

-----

इंझोरी,
ता. ८ मार्च १९५७

चि. उदयसिंगले दौलतसिंगचा आशीर्वाद. हे पत्र रुपा लिहून राह्यली, सांगून मी राह्यलो. मी म्हटलं तसंच लिही असं तिले बजावलं हाये.

माझ्या मनात काय हाये ते पोरीले विचारतो, मले काहून नाही विचारत? गाडी सुटेलोग मी बोललो नाही, कारण बोलाचं लय होतं आन डब्यात लोक लय होते.

चित्र मी पाह्यलं. खोटं नाही. मी तसाच बसलो होतो. पन ते पाहून आलो तवापासून मले तुयी कीव येते. तुले तुयी याडी मरतानाच दिसते, म्हणून तुया पायाले थारा नाही. मले ती तशी दिसत नाही.

तिनं बैलाइले आपल्या दिरांची नावं ठेवली होती. भर वावरात त्याइले शिव्या देई, आन दीर धुऱ्यावर उभे राहून आयकत. एक डाव मी आजारी होतो तर तिनं नांगर धरला. तासं अशी वाकडी गेली का सारा तांडा पाहाले आला. तर म्हणे, तास सरळच हाये, वावर वाकडं हाये. आन हसली. तिचं हसू तिकडच्या टेकडीलोग आयकू जाय. हे तू कुठून काढशील? तू पाह्यलं नाही. मोहननं पाह्यलं नाही, तुमी तवा जन्मलेच नव्हते. मी सांगतलंच नाही कोणाले.

पेरनीले ये असं म्हणत नाही. वावर मोहन पाहते. तू बसून आयकायले ये. आल्यावर रुपाले समोर बसवून मी सांगन, कपाळ कसं होतं, नाक कसं होतं, कुठं पोरगी तिच्यासारखी हाये आन कुठं नाही, तसं तू काढत जा. चुकलं तर पुसाले लावन, दहा डाव लावन, कंटाळू नको.

दिल्लीचं काम आटोपलं का निघ. रंग घेऊन ये, पिवळा जास्त आन. तिची ओढनी पिवळी होती.

दौलतसिंगचा अंगठा